उभ्या गाडीचं दुखणं

चौऱ्याऐंशीची झिगुली, एकेकाळी पिवळी.
वानाद्झोरच्या चढावर नीट पळते,
उतारावर तर चक्क गुणगुणते,
पण रेल्वेच्या फाटकाशी थांबली
की दोन आचके, एक उचकी
आणि गप्प.
मागचे भोंगे वाजवतात.
ह्मायाक मास्तर उतरून माफी मागतात,
एकेकाची, खिडकीशी जाऊन.
एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय,
रांगेतले निम्मे त्यांचेच विद्यार्थी.

"कार्बोरेटर," गॅरेजात शिरतानाच म्हणाले.
दोनदा उघडून धुतला, जेट बदललं,
येरेवानहून प्लग मागवले,
पेट्रोलवाल्याशी तर बोलणंच टाकलं.
वर्पेत गार्निक ऐकत होते, म्हणजे
उजवा कान पुढे करून उभे होते.
डावा केव्हाच गेलाय.
मग स्टिअरिंगखाली वाकले
आणि तसेच थांबले.
चोकची दांडी अर्धी ओढलेली,
ती आत जाऊ नये म्हणून तिला लावलेला
कपड्यांचा निळा चिमटा.

"कधीपासून?"
"दोन हिवाळे."
"आणि उन्हाळे?"
मास्तरांनी छताकडे पाहिलं.

चिमटा काढला. इंजिन लगेच आजारी.
वर्पेतनी स्वतःचा चहाचा पेला
एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला.
"पोरी, चहाकडे बघ. मास्तरांकडे नको."

चहा थरथरत होता.
थरथर, थरथर, गचका.
थरथर, गचका.
साखरेचा खडा तळाशी फिरत होता.

मी एकेका प्लगची वायर काढली.
पहिली काढली, इंजिन लंगडलं. लावली.
दुसरी, लंगडलं.
तिसरी काढताना मला झटका बसला
आणि वर्पेतना हसू आलं.
चौथी काढली
आणि काहीच झालं नाही.
चहाला कळलंसुद्धा नाही.

"ज्याच्या जाण्यानं काही बदलत नाही,
तो आधीच गेलेला असतो,"
वर्पेत म्हणाले.
त्यांचा मुलगा रोस्तोवला असतो.
मी वायर परत लावली.

चौथ्याच्या मागे, ब्रेककडे जाणारी
जाड रबरी नळी.
पकडीत कापड धरून त्यांनी ती हळूच चिमटली,
कुणाचा तरी कान धरावा तशी,
आणि चहा थांबला.

म्हणजे खरोखर थांबला.
त्यात छताचा दिवा दिसला,
दिव्याभोवतीची माशीही.

क्लिपच्या खाली, जिथे बोट जात नाही,
नखाएवढी चीर.
"पळताना घसा एवढा उघडा असतो
की ही चोरटी फुंकर कुणाला कळत नाही.
उभं राहिलं की घोट मोजून प्यायचा असतो.
तेव्हा बाहेरची एवढीशी हवासुद्धा
पोटात वारा भरते.
आणि तुम्ही, मास्तर,
दुखणं म्हशीला, औषध पखालीला."

वीतभर नळी, एक नवी क्लिप.
पैसे त्यांनी घेतले, पण मोजले नाहीत.
चिमटा मास्तरांच्या हातावर ठेवला.
"घरी द्या."
"नको. आर्पेनिक दोन वर्षं शोधतेय.
मी म्हटलं होतं, वाऱ्यानं नेला."

तपासायला मी शेजारी बसले.
फाटक पडलं. मालगाडी.
मास्तरांचा हात किल्लीवर, सवयीनं, घामेजलेला.
पहिला डबा, सातवा, तांब्याच्या मातीनं भरलेला विसावा.
झिगुली उभी होती
आणि चालू होती.
एका लयीत, झोपलेल्या मांजरासारखी.
मास्तरांनी किल्ली सोडली.
डोळे मिटले.

फाटक उघडलं.
मागचे भोंगे वाजले, एक, मग चार.
"मास्तर," मी म्हटलं.
ते दचकले, दार उघडून उतरले
आणि खिडकी खिडकीशी जाऊन माफी मागू लागले,
मुठीत निळा चिमटा.

गाडी चालूच होती.