जोख

त्याची प्रत्येक कादंबरी प्रकाशकाआधी
माझ्या हातात आली. वाचली नाही मी; जोखली,
स्ट्रॉमनेसच्या टपाल कचेरीत, पितळी काट्यावर.
पहिली भरली साडेतीन पौंड.
तपकिरी कागद, मेण लावलेली सुतळी,
आणि गाठ अशी की लंडनमध्ये कुणीतरी
वैतागून कात्रीच शोधली असणार.

ती परत आली. पाच वेळा.
वजन तेच, कोपरे तेवढे मऊ पडलेले,
लांबच्या सफरीहून गलबत यावं तशी,
रंग उडून, पण आत पाणी न शिरता.

सिगर्ड हार्कस. बंदरावरचा कारकून.
कुणाची किती पिंपं हेरिंग, कुणाचा किती कोळसा,
दिवसभर हे लिहायचं, आणि रात्री त्याच दौतीतून
दीडशे वर्षांमागची जहाजं हाकारायची.

समुद्र त्याला सोसत नसे. गावाला ठाऊक होतं.
वर्षातून एकदा स्क्रॅब्स्टरच्या बोटीत
तो मांडीवर बादली घेऊन बसे, डोळे मिटून.
खलाशी हसत: "काय हार्कस,
तुझा कॅप्टन ब्रॉफ केप हॉर्नला वळसा घालतो ना रे?"
तो म्हणे, "त्याचं पोट वेगळं आहे."

तिसऱ्या पुस्तकावर जेमी रेंडलचं कार्ड आलं,
गल्लीपलीकडून, तिकीट लावून;
बोलण्याइतकी ओळख नव्हती त्यांची.
(उघडं कार्ड. वाचलं म्हणजे वाचलं.)
"पान एकशे बारा. त्या वाऱ्यात परबाण
त्या बाजूला फिरवलंत, तर तुमची सोळा माणसं बुडतील.
मी होतो अशा जहाजावर.
सोळा नव्हती. अकरा होती."

तो सगळा हिवाळा हार्कस
रोज संध्याकाळी जेमीच्या चुलीपाशी.
थोरानं सांगितलं मला, त्याच्या बायकोनं:
दोघं खुर्चीच्या पाठीला दोर बांधतात,
सोडतात, पुन्हा बांधतात,
आणि जेमी त्या अकरांची नावं घेतो,
एका गाठीला एक.

चौथं पुस्तक साडेपाच पौंड भरलं.

मग पत्रं यायला लागली. हॅलिफॅक्सहून, व्हॅल्परायझोहून,
एका दीपगृहाच्या राखणदाराचं, दर नाताळला.
आणि एका विधवेचं: तुम्ही लिहिलंय
तितकं थंड असतं का हो पाणी, खरंच?
त्याचं उत्तर त्यानं सात वेळा लिहून फाडलं.
आठवं मी जोखलं. एका कागदाचं होतं.

सतरा पुस्तकं. पैसे? छप्पर नवं झालं,
थोराला दात बसवले.
एडिंबरात मानाचं जेवण ठेवलं होतं एकदा,
बोटीच्या धास्तीनं गेला नाही.
लंडनच्या पेपरात कुणी लिहिलं, "जुन्या पद्धतीचं."
त्यानं कात्रण जेमीला दाखवलं.
जेमी म्हणाला, "जहाजही जुन्याच पद्धतीचं होतं की."

मी एकच वाचलं, तेही निवृत्त झाल्यावर.
खरं सांगते, कंटाळले मध्ये; दोरांची नावं फार.
पण एका पानावर धुक्यात जहाज उभं आहे,
कुणी बोलत नाही,
खाली स्वयंपाकी कांदा चिरतोय, तेवढाच आवाज.
मी उठून चुलीवरची किटली खाली ठेवली.

अठरावं अर्धंच राहिलं. फेब्रुवारीत गेला, झोपेत.
थोरा गठ्ठा घेऊन आली तेव्हा
मी पेन्शनच्या रांगेत होते.
नव्या पोरीचा काटा प्लास्टिकचा, आकडे लाल.
"किती?" थोरानं विचारलं, पोरीला नव्हे, मला.
मी हात पुढे केले. तिनं गठ्ठा त्यांत ठेवला.
"दोन पौंड. थोडं वर."
लाल आकडा ग्रॅममध्ये काहीतरी सांगत होता.

बाहेर स्क्रॅब्स्टरच्या बोटीनं भोंगा दिला.
सुतळी या वेळी थोरानं बांधली होती,
साधी गाठ, शिवणाऱ्या बाईची,
एका ओढीत सुटेल अशी.