फेरिटिन

डिचोलीची लॅब, सकाळचे साडेसात.
द्रौपदी माजिक बाही वर सारते.
वय बावन्न. उपाशीपोटी.
सारमानसच्या जेटीवर तिचा चहाचा गाडा होता
बार्जी भरत होत्या तेव्हा.

सुई टोचताना माणसं भिंतीकडे बघतात.
ही नळीत चढणारा रंग बघते, म्हणते,
"आमचा वहाळ पावसात अस्साच."

दुपारी आकडे येतात.
फेरिटिन मागच्या खेपेच्या तिप्पट.
मागच्या खेपेला पाळी चालू होती,
दर महिन्याला थोडं लोखंड बाहेर जायचं,
गोळ्या, गूळ, तांबडी भाजी,
तरी नखं पांढरी.
"आता खाण बंद," ती हसते,
"माल आतच."

मी हसत नाही, कारण
खालची ओळ मला वाचता येते.
कॅल्शियम: नॉर्मल.
रक्त आपला जमाखर्च चोख ठेवतं
आणि उधारी हाडांच्या नावावर मांडतं.
इतकी वर्षं कोठीच्या दारात एकजण बसून होती,
चुना उचलायला आलेल्यांना दटावणारी.
डॉक्टर तिला इस्ट्रोजेन म्हणतात.
ती उठून गेली,
किल्ली कुणाकडे, ते न सांगता.

गेल्या वर्षी, सातवा सरत असताना,
मी माझीच एक नळी बांबोळीला धाडली होती.
तांबं जवळजवळ दुप्पट.
चार दिवस मी सासूच्या घागरीतलं पाणी प्याले नाही,
मग मॅडमनी सांगितलं, पोटुशीचं असंच असतं,
आणि घागर मी चिंचेने घासून
गुपचूप जागेवर ठेवली.

किती थोडं लागतं.
चिमटीत न मावणारा रस,
आणि त्याच्या शब्दावर
धातू चढतात, उतरतात,
गाव बदलतात.

द्रौपदी रिपोर्ट दुमडून
तिसऱ्यांच्या पिशवीत कोंबते.
"शिंपल्या फेकू नको गो," मला एक वाटा देताना म्हणते,
"पूर्वी भट्टीवाला न्यायचा. दिवाळीला भिंती
त्याच चुन्याने."
म्हापशाला हाडांचा फोटो काढून ये, मी सांगते.
बघते म्हणते.

पायऱ्या तीनच आहेत लॅबला.
गेल्या खेपेला ती उतरली तेव्हा
माझं लक्षही नव्हतं.
आज दुसऱ्या पायरीवर
तिने कठडा धरला,
आणि पिशवीत शिंपल्या वाजल्या.