कोरा पंधरवडा

नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात
एकतीस वर्षं मी आकडेच तपासले.
तिरका सात, पुसट तीन, शाई खाल्लेला आठ.
बोटानं दाखवायचो, कागद बाजूला.
त्यातला एकही आकडा माझा नव्हता.
गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशानं घरी यायचो.

आता दंडाच्या मागे
रुपयाएवढी पांढरी चकती,
आणि सगळे आकडे माझेच.
सकाळी सहाला एकशे बारा.
चहानंतर एकशे अठ्ठेचाळीस.
रविवारी मखमलाबाद रोडला मिसळ,
तर्री दोनदा मागून घेतली, पाव चार;
तासाभरानं फोनवर डोंगर उभा राहिला
रामशेजसारखा, सरळ कड्याचा.
डॉक्टर कोठावदे हसले:
"तर्रीला बोल लावू नका, काका. पाव मोजा."

पूर्वी तीन महिन्यांतून एकदा
उपाशीपोटी रक्त द्यायचो.
आधीचा आठवडा कारलं, भाकरी, गंगापूर धरणापर्यंत चालणं.
अशा कॉप्या करून मी वर्षानुवर्षं पास झालो.
आता तपासनीस दंडावरच बसलाय,
आणि ही जात मला ठाऊक आहे,
चहा पाजून भागत नाही.

आकड्याशेजारी एक बाण असतो.
आडवा असला की बरं.

गेल्या मार्गशीर्षात, पहाटे पावणेतीनला
तो सरळ खाली झुकला.
इन्शुलिन घेतलं होतं, जेवण अर्धंच झालं होतं.
फोन उशाशी बोंबलत होता, मला ऐकूच आला नाही.
स्वप्नात गेटवर झडती चालली होती,
खिशातून काहीच निघत नव्हतं
आणि शिपाई म्हणत होता, अजून काढा.
श्टुटगार्टला मुक्ता जागी होती,
तिच्या फोनवर माझे चोपन्न.
तिनं आईला उठवलं.
कुमुदनं साखरेचा डबाच आणला.
चमचा, पाणी, परत चमचा,
निम्मी साखर बनियनवर.
सोळा मिनिटांनी एकोणऐंशी.
उजाडेपर्यंत अंथरुणात मुंग्या.

मी मुंग्या झटकत होतो
आणि बेबीताई आठवली.
देवळालीच्या दोन खोल्यांत
ती स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळी धरायची.
निळ्या औषधात आठ थेंब,
उकळी, मग रंगाची वाट.
हिरवा. पिवळा.
विटकरी झाला की अण्णा ताटावरून उठायचे.
मी लहान, मला वाटायचं
ताई रहाडीचा रंग करतेय.
निळा राहिला की घर हसायचं.
पण निळ्याच्या खाली रंगच नव्हता.
निळ्याच्या खाली किती खोल आहे
हे नळीला कळत नसे.

त्या रात्री नळी निळी होती.
आम्ही सगळे निवांत झोपलो.
मी सातवीत. तिची सतरंजी माझ्यापासून हातभर.
ती एकोणीसची.

कुणाला सांगितलं नाही, पण तो फोन वाजला
तो मला त्या खोलीत वाजल्यासारखा वाटतो.
अण्णा उठतात, डबा शोधतात, ताई कूस बदलते.
एवढंच. पुढचं मी बघत नाही.

चकती चौदा दिवस चालते.
पेन्शनीत एक पंधरवडा बसतो, दुसरा बसत नाही.
मुक्ता म्हणते, मी पाठवते. मी म्हणतो, बघू.
तर एक पंधरवडा आकड्यांचा, एक कोरा.
कोऱ्या पंधरवड्यात बोट टोचतो,
वहीत लिहितो, सात मुद्दाम सरळ काढतो.

आणि रात्री कधीतरी
कुमुदचा हात अंधारात माझ्या मानेवर येतो,
घाम आहे का चाचपतो.
मान कोरडी लागली
तरी लगेच जात नाही.

मी झोपल्याचं सोंग करतो.