सातवा महिना

मरोळ गावठाणात, इझाबेल मिस्किटांच्या ओटीवर
दर शुक्रवारी आम्ही पाचजण
दारूबंदीच्या मुंबईची मालिका बघतो.

पैजा लागतात. खबर दिली कोणी?
सावियो म्हणतो, ड्रायव्हर.
मी म्हणते, विधवेचा दीर, त्याचं हसू बघ.
इझाबेल मावशी खबऱ्याबद्दल बोलतच नाही.
ती कपडे बघते.

"हवालदाराला खाकी? निळा असायचा रे,
अर्धी चड्डी, डोक्यावर पिवळी चपटी टोपी.
लांबून दिसायची, म्हणून तर पळता यायचं.

आणि ही बया!
पोटाला दारूची ट्यूब बांधलीय म्हणे,
लुगडं मात्र चापूनचोपून, कंबर मुठीएवढी.
मोटारीची ट्यूब असायची, सायकलची नव्हे.
आई निऱ्या सैल सोडायची,
वर्षभर सातव्या महिन्यातली दिसायची.
रबराचा वास जायचा नाही,
तिच्या हातच्या भाकरीलासुद्धा."

जाहिराती लागल्या. सावियोने शेंगा फोडल्या.
सांग ना मावशी, खबऱ्या कोण?

"पाय बघा.
सगळी गल्ली अनवाणी असताना
नवे बूट कोणाचे, ते बघा."

पडद्यावर धाड पडली, मडकी फुटली.
तिने आवाज बंद केला.

"त्या नाताळात माझ्या पायात होते.
काळे, पट्ट्याचे. टाचेला चावायचे.
हवालदाराने नुसतं विचारलं होतं,
आईला बाळ कधी होणार गं?
नऊ वर्षांची मी.
म्हटलं, बाळ कुठलं, ट्यूब आहे ती."