हातचा

हेडलंड एक्केचाळीस. एकूण तेवीस हजार चारशे अठरा.
कारखाना बंद पडला तेव्हा नोंदवही
कुणीतरी भंगाराच्या गाडीतून उतरवून घेतली,
ती हातोहाती फिरत माझ्यापाशी आली.
तेव्हापासून बायको म्हणते,
डेलमार, तुला नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत.

खरं आहे.
पण विचारा, पुढची चाकं जवळजवळ असलेले किती?
एकवीस हजार तीनशे सहा.
मक्याच्या दोन ओळींमधून जाणारी ती जोडी,
वर फाकलेली, खाली पायाशी झुकलेली,
चर्चमध्ये कुजबुजणाऱ्या बहिणींसारखी.
रुंद आसाचे एकोणीसशे चौसष्ट.
एकाच चाकाचे, बीटवाल्यांसाठी, एकशे अठ्ठेचाळीस,
त्यातले नऊ मी या हातांनी चाचपलेत.
(उसासाठी उंच पायांचा एक केला होता म्हणतात.
वहीत नाही. म्हणजे नाही.)

ऑक्टोबरात आर्डिथ वँग्सनेसचं पत्र आलं.
शेड रिकामी करायचीय, हेडलंड आहे, रुंद आसाचा.
आयोवाच्या पार वायव्य टोकाला,
चार तास गाडी हाकत गेलो, खिशात चेकबुक.
कणसं वाळून खडखडत होती.
शेडच्या दारात मांजर, बॉनेटवर कोंबड्यांची शीट,
आणि पुढे खरंच
ऐसपैस पाय फाकून उभा असलेला तो आस.
मी पाटी तारेच्या ब्रशनं घासली. थुंकी लावली. पुन्हा घासली.
सतरा हजार सातशे तेहतीस.

वही उघडायचीही गरज नव्हती.
'बाई, हा मूळचा जवळच्या चाकांचा.
पुढचं सगळं मागाहून बसवलंय.
बोल्ट तीन मापांचे आहेत, वेल्डिंग घरचं,
हा आस तर या कंपनीचाच नाही.
किंमत निम्म्यावर येते.'

'हो,' ती म्हणाली, 'गवतकापणीच्या गाडीचा आहे.
बाबांनी बसवला. एकोणीसशे सत्तावन्नच्या हिवाळ्यात.'
मग थर्मासमधून कॉफी ओतली, माझ्यासाठी आधी.
'लॉवेल चौदाचा होता. ओढ्याकडचा उतार.
वळताना एक चाक घुशीच्या बिळात गेलं, एवढंच.
बाबा त्यानंतर जेवायला यायचे, शेडमध्ये परत जायचे.
नाताळपर्यंत वेल्डिंगचा निळा उजेड
माझ्या खिडकीवर नाचायचा.
वसंतात त्यांनी यावरच पेरणी केली.
दुसरा घ्यायला पैसे कुठे होते.'

जुनं पुढचं बिऱ्हाड कुठे आहे, मी विचारलं.
सवयीनं विचारलं. आजही लाज वाटते.
मिळालं असतं तर मूळ रूप परत आणता आलं असतं.
तिनं हातानं दाखवलं, मागे, खाजकुइलीसारख्या
आग लावणाऱ्या झुडपांत कुठेतरी.
'बाबांनी घणानं तोडलं. तुकडे मोजले नाहीत.'

चेक लिहिला. निम्म्याचा नाही, पण पूर्णही नाही;
मी तसा माणूस आहे.
ट्रेलरवर चढवताना तो जराही डगमगला नाही.

रात्री मोटेलच्या टेबलावर वही उघडली.
तीन रकाने. जवळची, रुंद, एकटं चाक.
सतरा हजार सातशे तेहतीस कारखान्यातून निघाला तो पहिल्याचा,
त्यावर तिचे बाबा तीस वर्षं जगले तो दुसऱ्याचा.
कारखान्यानं मोजले ते त्याच्या फाटकापर्यंत.
फाटकाबाहेर किती हिवाळ्यांत किती शेडमध्ये
निळा उजेड पेटला असेल?

पेन्सिल घेऊन बेरीज पुन्हा मांडली, मुलासारखी, बोटांवर:
सहा न् चार दहा, न् आठ अठरा.
अठराचे आठ. हातचा एक.

पुढचा आकडा मांडायचा राहिला.
मांजराचे केस होते बाहीवर. ते झटकत बसलो.