त्र्याहत्तर नंबरची खुंटी

अंझोर सरांनी फळ्यावर एक पेटी काढली,
एक बाण आत जाणारा, एक बाहेर येणारा,
आणि म्हणाले, हे फलन.
मी म्हणालो, सर, हा माझा प्रांत नाही.
वर्ग हसला. सर हसले नाहीत.
"मग तुझा प्रांत कोणता?"

सांगण्यासारखं काही नव्हतं.
शाळा सुटली की मी लमारामावशीकडे जायचो,
कुताइसीच्या जुन्या नाटकगृहात, कोट सांभाळायला.
पितळी बिल्ला द्यायचा, कोट घ्यायचा,
बिल्ल्यावरच्या आकड्याच्या खुंटीला टांगायचा.
ओल्या लोकरीचा वास, नॅप्थलीनचा वास,
कुणाच्या तरी बाहीत कोंबलेली टोपी.

मावशीचे नियम तीन होते.
एक बिल्ला, एकच खुंटी.
गर्दी झाली तर दोन बिल्ले एका खुंटीवर चालतील:
बारा आणि तेरा, लोमिद्झे भाऊ,
तसेही भांडत भांडतच येतात.
पण एक बिल्ला दोन खुंट्यांवर?
"मग मी परत काय देऊ, बाळा?
अर्धी बाही इथली, अर्धी तिथली?"

आणि त्र्याहत्तर द्यायचा नाही.
त्र्याहत्तरची खुंटी तुटली होती,
भिंतीत नुसतं भोक, कडेला चुना.
बिल्ला गल्ल्यात पडून असायचा,
चकचकीत, न झिजलेला.

डिसेंबरात सज्जाच्या कोटघरात पाणी गळलं.
तिथले कोट खाली आणले, दोरीवर टांगले,
पण तिथल्या बिल्ल्यांचे आकडेही
एकपासूनच सुरू होणारे.
पडदा पडला, लोक उतरले,
आणि खिडकीत एक्केचाळीस घेऊन उभे
खुद्द अंझोर सर.

मावशी आत गेली. बाहेर आली
ती दोन कोट घेऊन. दोन्ही काळे,
दोन्ही एक्केचाळीसचे.
मागे रांग कुरकुरत होती,
मावशीचा चेहरा उतरलेला,
आणि सर?
सरांनी चक्क टाळी वाजवली.
"बघ! बघ, हे फलन नव्हे!
आकडा एक आणि उत्तरं दोन,
आता आकड्याला विचारून काही उपयोग नाही."
मग एका कोटाच्या खिशात हात घातला,
खडूचा तुकडा काढला,
आणि तोच कोट चढवून निघून गेले.

त्या रात्री आवरताना मी खुंट्या मोजल्या.
एकूण दोनशे. सगळ्या कधीच भरत नाहीत.
त्या दिवशी वाटलेले बिल्ले, तो प्रांत.
ज्या खुंट्यांना खरंच ओझं आलं, ती व्याप्ती.
बाकीच्या नुसत्या भिंतीवर,
तयारीत,
कुणी येईल म्हणून.
हे मला कुणी शिकवलं नाही. कदाचित शिकवलं असेल,
मी खिडकीबाहेर बघत असेन.

सोमवारी सरांनी लिहिलं:
एक भागिले, क्ष वजा त्र्याहत्तर.
का त्र्याहत्तर, ते मला आजही ठाऊक नाही.
मी तरी सांगितलं नव्हतं.
"यात कोणता आकडा घालता येणार नाही?"
"त्र्याहत्तर," मी म्हणालो. "तिथे खुंटी नाही."
वर्ग पुन्हा हसला.
सर खडू हातात घेऊन थोडा वेळ तसेच थांबले.
"छेद शून्य होतो," ते हळू म्हणाले,
"पण हो. तिथे खुंटी नाही."

मार्चमध्ये सुतार आला.
भोकात लाकडाची पाचर ठोकली,
नवी खुंटी बसवली, जरा वाकडी.
सरांच्या भागाकाराला असला सुतार मिळत नाही,
हे मला बरंच पुढे कळलं.
मावशीने गल्ल्यातला बिल्ला काढून
पदराने नव्हे, तिला पदर कुठला,
कोटाच्याच अस्तराने पुसला.
नाटकघराचा प्रांत एका आकड्याने वाढला.

त्या संध्याकाळी बाहेर गारवा असा नव्हताच.
तरी मी कोट घालून गेलो,
खिडकीच्या बाहेरच्या बाजूने उभा राहिलो,
गिऱ्हाइकासारखा,
आणि म्हणालो,
मावशी, मला त्र्याहत्तर.