जागल

सेलूपासून आमच्या हिवरटाकळीपर्यंत
पोकलेननं रस्त्याच्या कडेनं चर खणला,
नळाची पाइपलाइन दोन जागी फोडून.
आठ दिवस हापशीवर भांडणं झाली.
नवव्या दिवशी काळी नळी मातीआड गेली
आणि गुत्तेदार म्हणाला, बाई,
दिल्ली आता तुमच्या टेबलाखाली आली बघा.

टेबल ग्रामपंचायतीचं,
एका पायाखाली खापराचा तुकडा.
मानधन सहा महिन्यांनी, कधी सातानं.
नमुना आठ, जन्माचे दाखले, पीक विमा,
आणि कापूस वेचून बोटांवरच्या रेघा गेलेल्या बाया.
त्यांचा अंगठा मी ओल्या फडक्यानं पुसते,
पुन्हा टेकवते. मशीन म्हणतं, ही ती नव्हे.

राउटरच्या बुडाला पासवर्ड छापलेला.
तोच पारावरच्या पोरांना दिला,
तोच पिठाच्या गिरणीवर खडूनं लिहिला गेला.
पाण्याच्या टाकीवरचा कॅमेरा
मोटार चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेला;
त्याचा पासवर्ड कारखान्यातूनच आला होता:
एक दोन तीन चार.

भादव्यात मेल आला. इंग्रजीत, वर तीन सिंह.
ग्रामसेवकानं चष्मा काढला, पुसला, मलाच वाचायला लावलं.
तुमच्या पत्त्यावरून अमुक तारखेला,
रात्री दोन ते चार,
एका शहराच्या वीजकेंद्रावर हल्ला झाला.

सरपंच म्हणाले, आपली डीपी जळून पंधरा दिवस झाले,
आपण कुणाची लाइट घालवणार?
सगळे हसले. मीही.
मग आठवलं, राउटर इन्व्हर्टरवर आहे
आणि कॅमेरा सोलरवर.

परभणीहून आदिल नावाचा पोरगा आला,
लॅपटॉप मांडीवर, बुटाला फुफाटा.
म्हणाला, असे लाखभर कॅमेरे असतील, ताई.
कुणीतरी लांबून एकदाच हाक मारतो,
मग सगळे मिळून एकच दार ठोठावत राहतात,
ते पडेपर्यंत.
मी विचारलं, कॅमेऱ्याला कळतं का?
नाही, तो टाकीच बघत असतो.

माझा पणजा या गावाचा जागल्या होता.
काठी, घोंगडी, वेशीबाहेरची जागा.
आत कोण शिरतंय ते त्यानं बघायचं,
स्वतः मात्र आत निजायचं नाही.
रझाकारीत रातच्या ट्रकचा आवाज
पहिल्यांदा त्याला आला, म्हणतात,
आणि गाव वाचलं.
म्हणतात, एवढंच.
कुठल्या कागदावर त्याचं नाव मला सापडलं नाही,
आणि गावातले कागद तर सगळे माझ्याकडंच आहेत.

वेशीचं दार कधीच मोडलं.
फळ्या कुणाच्या गोठ्याला लागल्या,
खिळे, तेवढे बोटभर लांब, पोरांनी भंगारात घातले.
आता वेस कुठं, ते दाखवायला काही नाही.
टेबलाखाली एक हिरवा दिवा लुकलुकतो,
त्याच्या अल्याड आम्ही,
पल्याड कोण, ते आदिललाही ठाऊक नाही.

तो गेल्यावर मी सगळे पासवर्ड बदलले.
कॅमेऱ्याचा, राउटरचा, मोटारीच्या स्टार्टरचाही.
सोळा अक्षरं. कुठं लिहिली नाहीत.
संध्याकाळपर्यंत पारावर बोंब,
गिरणीवाला म्हणाला, ही कोण लागून गेली?

रात्री नऊला सरपंचाचा धाकटा
आमच्या वस्तीत आला, मला आठवतं तसं पहिल्यांदाच.
उंबऱ्याबाहेर उभा, मोबाइल हातात,
तोंडावर त्याचाच उजेड.
सुकेशनीताई, पासवर्ड सांग की.

आत ये, म्हटलं.
चप्पल काढावी की नाही, त्याला कळेना.
चहा टाकला, साखर उलीशी जास्तच.
पासवर्ड काही सांगितला नाही.